चाळिशीनंतर, शिक्षकाविना गिटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी, पन्नाशी किंवा निवृत्तीनंतर गिटार हाती घेऊन मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने पुढे जाणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा विषय दुसरीकडे अधिक सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरांत डाव्या हाताने तारा दाबणारा वादक गृहीत धरला आहे. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी, असा तारांचा क्रम आहे.

१. पन्नाशी उलटल्यावर गिटार शिकायला घेऊन खरोखर काही साध्य होते का, की उशीर झालेला असतो?

साध्य होते; मात्र काय जड जाईल आणि काय सोपे जाईल, याची स्पष्ट कल्पना आधीच असलेली बरी. बोटांच्या नव्या हालचाली अंगवळणी पडायला वाढत्या वयात अधिक वेळ लागतो, सांधे पूर्वीइतके लवचीक नसतात आणि अतिजलद वादन लहानपणापासून वाजवणाऱ्यांइतके बहुधा साधत नाही. उलट आयुष्यभर संगीत ऐकल्यामुळे चाल कुठे वळणार याचा अंदाज, लयीची जाण आणि एखादी अडचण सुटी करून तिच्यावर शांतपणे काम करण्याची सवय प्रौढ माणसाकडे तयार असते. ज्या संगीतात वेगापेक्षा नाद, लय आणि समज यांना महत्त्व आहे, त्यात या गोष्टी फार उपयोगी पडतात.

अमेरिकी लोकसंगीतातील एलिझाबेथ कॉटन बालपणी आपल्याआपणच गिटार शिकल्या आणि पुढे कित्येक दशके त्यांनी वाद्य बाजूला ठेवले. साठीच्या आसपास त्या पुन्हा वाजवू लागल्या, १९५८ मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये, त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या हातांना बालपणीचा पाया होता, त्यामुळे अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे उदाहरण पूर्णपणे लागू पडत नाही. तरीही साठीनंतरचे हात नियमित सरावाला प्रतिसाद देतात, एवढे त्यावरून निश्चित कळते.

२. नायलॉनच्या तारांची, स्टीलच्या तारांची की इलेक्ट्रिक : पहिली गिटार कोणती घ्यावी?

तुम्हाला जे संगीत वाजवायचे आहे ते ज्या गिटारवर वाजते, ती घ्यावी. कारण आवडीचा नाद हाताखालून निघाला नाही, तर सराव फार काळ टिकत नाही. त्यानंतर शरीराचा विचार करावा. क्लासिकल गिटारवर नायलॉनच्या तारा असतात, त्यांचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो आणि त्या बोटांना मऊ लागतात. परंतु तिची मान (तारांखालची लांब दांडी) नटजवळ, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीजवळ, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असल्यामुळे लहान हातांना पोहोचणे अवघड जाते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारची मान ४३ ते ४४ मिलिमीटर असते, पण नेहमीच्या १२ क्रमांकाच्या संचाचा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच) ताण ७० किलोहून अधिक असतो. इलेक्ट्रिक गिटारची मान अरुंद आणि तारा बारीक असल्यामुळे ती दाबायला सर्वांत हलकी असते. मात्र नको असलेल्या तारा वाजू न देण्याचे कसब तिच्यावर लवकर शिकावे लागते.

खांदा आखडलेला असेल, तर रुंद पेटीची गिटार टाळावी, कारण तिच्यावरून उजवा हात नेताना खांदा सतत उचललेला राहतो. आणखी एक इशारा: क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत. तिची बांधणी तेवढा ताण सोसण्यासाठी नसते. ब्रिज (पेटीवर तारा जेथे अडकवलेल्या असतात तो भाग) उखडू शकतो किंवा वरची फळी फुगू शकते.

३. डाव्या हाताची बोटे फार दुखतात. हे किती दिवस चालणार?

बोटांच्या टोकांची जळजळ काही आठवड्यांत कमी होते, कारण तेथील कातडी जाड होऊन घट्टे पडतात. त्या काळात एकाच बैठकीत तासभर वाजवण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे वाजवावे आणि अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर, कातडी ओली व नरम असताना वाजवू नये. तार फ्रेटच्या (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी मागे दाबली, तर स्वच्छ स्वर निघायला फारच थोडा जोर लागतो. तार दाबून ठेवा, जोर हळूहळू कमी करत जा आणि स्वर खरखरू लागण्याच्या किंचित आधी थांबा; तेवढाच जोर पुरेसा असतो. बहुतेक जण याच्या दुपटीहून अधिक जोर लावतात, असा माझा अनुभव आहे.

टोकांची जळजळ आणि सांधे, मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी होणारी वेदना या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या वेदनेसाठी प्रश्न १३ पाहावा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर वादनानंतर टोके डोळ्यांनी तपासावीत, कारण चीर पडलेली कळणार नाही.

४. दोष माझ्या बोटांत आहे की गिटारमध्ये, हे कसे ओळखावे?

स्वतः शिकणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तो सर्वांत उशिरा विचारला जातो. अनेक जण वर्षभर ज्याला आपल्या वयाचा दोष समजतात, तो तारांच्या उंचीचा दोष असतो.

दोन ठिकाणी तपासावे. पहिले ठिकाण बारावा फ्रेट: तेथे सहाव्या तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावे. क्लासिकल गिटारवर सुमारे चार मिलिमीटर चालते. दुसरे ठिकाण नट: तार तिसऱ्या फ्रेटच्या किंचित मागे दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर तरंगते ते पाहावे. तेथे कागदाच्या जाडीएवढीच फट हवी. फट मोठी असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत आणि पहिल्या दोन फ्रेटवरची प्रत्येक कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) विनाकारण जड जाणार. हे काम जाणकार कारागिराकडून करून घ्यावे, कारण खाच जास्त खोल गेली की तार खरखरते आणि नट बदलावाच लागतो.

कारागीर भेटेपर्यंत एक उपाय घरीच करता येतो. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या, तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, आणि पूर्ण स्वराने उतरवल्या, तर सुमारे २१ टक्क्यांनी. पूर्ण स्वराने उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी चिमटी) लावला, की मूळचीच पट्टी मिळते, तारा नरम होतात, उंच नटची अडचण टळते आणि फ्रेटमधील अंतरही थोडे कमी होते. सुरुवातीचे काही महिने असे वाजवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

५. रोज किती वेळ सराव करावा?

रोज वीस ते तीस मिनिटे हे आठवड्यातून एकदा तीन तासांपेक्षा खूप चांगले. हालचालींची स्मृती दोन बैठकांमधल्या विश्रांतीत आणि झोपेत पक्की होत असते, म्हणून एकच सराव तुकड्यांत वाटला की अधिक टिकतो. वीस मिनिटांपैकी पाच मिनिटे कालचे काम ताजे करायला, दहा मिनिटे एखाद्या नेमक्या अडचणीला आणि उरलेली पाच केवळ आनंदाने वाजवायला द्यावीत. शेवटची पाच मिनिटे कधीही कापू नयेत. गिटार पेटीत बंद न ठेवता स्टँडवर, हाताशी येईल अशी ठेवली, तर सरावाचे दिवस आपोआप वाढतात. मात्र ती उन्हात किंवा कोरड्या गरम हवेच्या झोतात नसावी. लाकडासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली.

६. शिक्षक नसताना आपले चुकते आहे, हे कळणार कसे?

आज स्वतः शिकणाऱ्याला माहितीची उणीव नसते. कॉर्ड, धडे, व्यायाम हवे तेवढे मिळतात. उणीव असते ती बाहेरून ऐकणाऱ्याची. वाजवत असताना लक्ष बोटांवर, पुढच्या कॉर्डवर आणि शब्दांवर विभागलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षात जे वाजले त्याऐवजी जे वाजवायचे होते तेच आपल्याला ऐकू येते. शिक्षक करतो त्या कामातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि ते स्वतःसाठी मुद्दाम उभे करावे लागते.

त्यासाठी आठवड्यातून एकदा फोनवर एखादा भाग ध्वनिमुद्रित करावा आणि तो लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावा. रात्रभराचे अंतर पडले, की कान बराच निष्पक्ष होतो. एका ऐकण्यात एकच गोष्ट शोधावी. प्रथम केवळ लय ऐकावी: पायाने ठेका धरावा आणि वादन कुठे घाईला येते, कॉर्ड बदलताना कुठे थांबते ते लिहून ठेवावे. दुसऱ्यांदा स्वरांची स्वच्छता ऐकावी: कोणती तार दबली, कोणती खरखरली. तिसऱ्यांदा जोर ऐकावा: सगळे आघात एकसारखे आहेत की पहिल्या मात्रेवर योग्य वजन पडते. सापडलेल्या दोषांपैकी पुढच्या आठवड्यासाठी फक्त एक निवडावा. सगळे एकदम दुरुस्त करायला जाणारा माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो.

दुसरे साधन मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र. तो वेग वाढवण्यासाठी आहे, असा समज आहे. त्याचा खरा उपयोग आपण किती हळू वाजवले तर चूक होत नाही, हे शोधण्यासाठी आहे. तेवढा हळू वेग ठरवून तेथूनच सुरुवात करावी आणि सलग तीनदा निर्दोष वाजल्यावरच तो चार-पाच ठोक्यांनी वाढवावा. तिसरे साधन आरसा किंवा फोनवरची चित्रफीत: मनगट किती वाकले आहे, खांदा वर चढला आहे का, अंगठा मानेला आवळतो आहे का, हे ऐकून कळत नाही. यापलीकडे जे उरते, त्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

७. कॉर्ड एकेकट्या वाजतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना गाणे थांबते. काय करावे?

कॉर्ड येणे म्हणजे तिच्यावर वेळेत पोहोचणे. सराव आकृतीचा न करता दोन आकृत्यांमधल्या प्रवासाचा करावा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा द्याव्यात आणि फक्त पहिल्या मात्रेवर एकदाच तारा छेडाव्यात. उरलेल्या तीन मात्रा बोटांना हलायला मिळतात. या सरावात नियम एकच: पहिली मात्रा आली की हात खाली यायलाच हवा, बोटे अपुरी बसली असली तरीही. अर्धवट वाजलेली कॉर्ड ऐकणारा विसरतो, तुटलेली लय विसरत नाही.

जागेवरून न हलणारे बोट शोधणे हा दुसरा उपाय. सी मेजरवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागेवरच राहतात, फक्त अनामिका हलते. ई मेजरवरून ए मायनरवर जाताना तीन बोटांची संपूर्ण आकृती जशीच्या तशी एक तार खाली सरकते. चार बोटांचा जी मेजर घेतला, तर डी मेजरवर जाताना दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची अनामिका उचलावी लागत नाही. प्रत्येक जोडीत असे काही ना काही सापडते; ते शोधण्यात घालवलेली पाच मिनिटे शंभर आवर्तनांचे काम करतात.

८. एफ मेजर महिनोन्महिने जमत नाही. बार कॉर्डशिवाय पुढे जाता येईल का?

येईल, आणि तात्पुरते तसे जावे. (बार कॉर्ड म्हणजे तर्जनी तारांवर आडवी ठेवून घेतलेली कॉर्ड.) पहिल्या फ्रेटवर पहिल्या व दुसऱ्या तारेवर तर्जनी आडवी, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मधले बोट आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, एवढ्या चार तारांचा छोटा एफ बहुतेक गाण्यांत पुरतो. तर्जनी फक्त दुसऱ्या तारेवर ठेवून पहिली तार मोकळी सोडली, तर एफ मेजर सेव्हन्थ मिळतो. तो अनेक ठिकाणी गोड लागतो, सर्वत्र नाही.

पूर्ण बार शिकताना हे लक्षात ठेवावे, की त्या आकृतीत तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटे दाबतात; तर्जनीकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली उरते. म्हणून बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलते करावे आणि अंगठ्याने चिमटीत आवळण्याऐवजी हाताचे वजन कोपरातून मागे ओढू द्यावे. सराव पाचव्या फ्रेटपासून सुरू करावा. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटचे अंतर सुमारे ३६ मिलिमीटर असते, तर पाचव्याचे सुमारे २९, त्यामुळे बोटे कमी ताणावी लागतात. तेथून दर आठवड्याला एकेक फ्रेट खाली यावे. पाचव्यावर स्वच्छ वाजते आणि पहिल्यावर मुळीच नाही, असे झाले, तर नट तपासावा (प्रश्न ४).

९. थिअरी शिकणे आवश्यक आहे का? टॅबवर काम भागत नाही का?

टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणारे लेखन) बोट कुठे ठेवायचे ते सांगते, का ठेवायचे ते सांगत नाही. त्यामुळे केवळ टॅबवर शिकणाऱ्याला दहावे गाणेही पहिल्याइतकेच परके वाटते. फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. सहाव्या आणि पाचव्या तारेवरील स्वरांची नावे बाराव्या फ्रेटपर्यंत पाठ असावीत, कारण बार कॉर्डची नावे तेथून ठरतात. मेजर स्केलची रचना (पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा) माहीत असावी. आणि त्या स्केलच्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या व सहाव्या स्वरांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड ओळखीच्या असाव्यात. जी मेजरमध्ये त्या जी, सी, डी आणि ई मायनर. यानंतर कानाने कॉर्ड शोधणे हा अंधारातला खेळ राहत नाही, कारण बहुतेक वेळा तीन-चार शक्यतांमधूनच निवड करायची असते.

१०. ट्यूनरवर सगळ्या तारा बरोबर दिसतात, तरी काही कॉर्ड बेसूर का लागतात?

आधी साधी कारणे पाहावीत: तारा जुन्या झाल्या आहेत का, कॅपो तिरका बसला आहे का, बोट तार बाजूला ओढते आहे का, जोर जास्त होतो आहे का. जोराने दाबलेली तार चढते. मोकळी तार आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार यांचा स्वर ट्यूनरवर बरोबर एका सप्तकाच्या अंतराने जुळत नसेल, तर ब्रिजकडील दुरुस्ती हवी.

हे सगळे ठीक असूनही खटकत असेल, तर तुमचा कान चांगला आहे. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरव्यवस्थेवर बसवलेले असतात. प्रत्येक अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. या व्यवस्थेत मेजर थर्ड (मूळ स्वरापासून चार अर्ध्या स्वरांवरचा स्वर) ४०० सेंटवर येते, आणि कानाला शुद्ध वाटणारी थर्ड सुमारे ३८६ सेंटवर असते. हा १४ सेंटचा चढेपणा प्रत्येक मेजर कॉर्डमध्ये असतो. समजा, जी मेजर अगदी गोड लागावा म्हणून दुसरी तार कानाने किंचित उतरवली. त्या कॉर्डमध्ये ती तार थर्ड देते, म्हणून जी सुधारतो. पण ई मेजरमध्ये तीच तार फिफ्थ (सात अर्ध्या स्वरांवरचा स्वर) देते आणि लगेच उतरलेली ऐकू येते. एका कॉर्डवरून गिटार लावली, की दुसरी बिघडते, ती यामुळे. तसेच पाचव्या व सातव्या फ्रेटवरील हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारे स्वर) जुळवून लावण्याच्या पद्धतीत दर तारेमागे सुमारे दोन सेंटची चूक साचत जाते. मोकळ्या तारा ट्यूनरवर लावून तेथेच थांबणे, हा सर्वांत समतोल मार्ग आहे.

११. दोन-तीन वर्षे झाली, पण मी आहे तेथेच आहे. पुढे कसे जावे?

अशा बहुतेक जणांशी बोलल्यावर एकच चित्र दिसते: वीस गाण्यांची सुरुवात येते, पूर्ण एकही येत नाही. गाणे जेथे अवघड होते तेथे ते सोडले जाते आणि नवे घेतले जाते. त्यामुळे जे येते तेच पुन्हा पुन्हा वाजते आणि जे येत नाही त्याला हात लागत नाही. उपाय अप्रिय असला तरी सरळ आहे. एक गाणे निवडावे, त्याचे ध्वनिमुद्रण करावे (प्रश्न ६), जेथे अडते त्या दोन मात्रा वेगळ्या काढाव्यात आणि आठवडाभर सरावाची सुरुवात त्या दोन मात्रांनीच करावी. मग त्यांना मागची आणि पुढची एकेक मात्रा जोडावी. पाच गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता, कागदाविना येऊ लागली, की ज्याला आपण अडकलेपण म्हणत होतो ते बरेचसे सुटते.

याशिवाय एखादी ओळखीची चाल टॅब न पाहता एका तारेवर शोधून काढावी. प्रारंभी चार स्वरांना अर्धा तास लागेल. कान आणि बोट यांना जोडणारा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाबरोबर वाजवावे; दुसरा माणूस आपल्या चुकीसाठी थांबत नाही, म्हणून लय आपोआप सुधारते.

१२. काल आलेले आज विसरते. पाठांतर टिकवण्यासाठी काय करावे?

पुन्हा पुन्हा वाजवणे आणि आठवणे या वेगळ्या क्रिया आहेत. कागद समोर ठेवून दहा वेळा वाजवण्यापेक्षा, एकदा पाहून कागद उलटा ठेवावा आणि आठवून वाजवावे. अडले तरी थोडा वेळ आठवण्याचा प्रयत्न करावा, मगच पाहावे. तो प्रयत्नच स्मृती पक्की करतो. दुसरे असे, की गाणे नेहमी सुरुवातीपासून वाजवले, तर मध्ये अडल्यावर पुन्हा पहिल्यापासूनच जावे लागते. त्याचे चार-पाच भाग करून कुठल्याही भागापासून सुरुवात करता यावी. गिटार हातात नसताना कॉर्डचा क्रम मनात म्हणून पाहणे हाही सरावच आहे.

१३. सांधेदुखी किंवा मनगटदुखी असताना वाजवावे का? बोटे पूर्ण चालत नसतील तर?

वेदना कोणती आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, सकाळी एखादे बोट वाकलेल्या स्थितीत अडकत असेल, चिमूट धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल किंवा करंगळी बधिर होत असेल, तर वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. या तक्रारींमागे नस दबणे, स्नायुबंधाची सूज, सांध्याची झीज अशी वेगवेगळी कारणे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात. मधुमेहात मनगटात नस दबणे आणि बोट अडकणे या दोन्हींचे प्रमाण अधिक असते. दुखत नसतानाही वाजवताना एखादे बोट आपोआप आत वळत असेल, तर अधिक सराव हा त्यावरचा उपाय नाही. मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मनगट सरळ राहील अशी बैठक शोधावी. बसूनही पट्टा वापरावा, म्हणजे डाव्या हातावर गिटारच्या मानेचा भार येत नाही, आणि गिटारची मान वरच्या बाजूला कललेली ठेवावी. जवळचे पाहण्याचा चष्मा असेल, तर फ्रेटबोर्ड पाहण्यासाठी पाठ वाकवण्याची सवय लागते. अनेकांची मानदुखी तेथूनच सुरू होते. बारीक तारा, खालची पट्टी आणि तीन-चार तारांच्या कॉर्ड यांनी भार बराच हलका होतो.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी १९२८ च्या आगीत जायबंदी झाली आणि त्यांनी मुख्यतः दोन बोटांवर एकल वादनाची नवी पद्धत घडवली. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात गेली. त्यांनी प्लॅस्टिकच्या टोप्या आणि बारीक तारा वापरून वादन चालू ठेवले. ते दोघेही तरुण होते आणि असामान्य होते, हे खरे आहे. पण आकृती हाताप्रमाणे बदलावी, हात आकृतीप्रमाणे मोडू नये, हा त्यांचा मार्ग कोणालाही घेता येतो.

१४. श्रवणयंत्र लावल्यावर गिटारचा आवाज विचित्र, थरथरता येतो. गिटार बिघडली आहे का?

बहुधा नाही. श्रवणयंत्रे बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. शिट्टी रोखणारी त्यांची व्यवस्था दीर्घ, स्थिर स्वरालाच शिट्टी समजून दाबू पाहते, आणि त्यातून थरथर निर्माण होते. यंत्र जुळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडून संगीतासाठी वेगळा कार्यक्रम बसवून घ्यावा आणि त्या वेळी गिटार सोबत न्यावी. वयानुसार श्रवण प्रथम उंच कंपनसंख्यांवर कमी होते. गिटारच्या पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा स्वरही सुमारे ६५९ हर्ट्झचाच असतो, त्यामुळे स्वराची ओळख सहसा शाबूत राहते. तारेची खरखर मात्र निसटू शकते; ती दुसऱ्या कुणाला ऐकायला सांगावी.

१५. वाजवताना गाता येत नाही. दोन्ही एकत्र कसे जमवावे?

हाताचे काम लक्ष न देता होऊ लागेपर्यंत गायला घेऊ नये. कसोटी अशी: ठेका चालू असताना साधे संभाषण करता आले पाहिजे. त्यानंतर शब्दांऐवजी नुसती गुणगुण, मग प्रत्येक कॉर्डवर येणारा एकच शब्द, आणि शेवटी पूर्ण ओळ. अनेकदा अडचण पट्टीची असते; गाणे आवाजाला फार खाली असेल, तर कॅपो लावून त्याच आकृत्या वाजवाव्यात. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो असताना जी मेजरची आकृती बी फ्लॅट मेजर देते.

१६. मी डावखुरा आहे. गिटार उलटी धरावी का?

नव्याने सुरुवात करत असाल, तर दोन्ही बाजूंनी धरून ठेका देऊन पाहावा. लय ज्या हातात सहज येते, तो हात तारा छेडण्यासाठी ठेवावा. नेहमीच्या गिटारवर दोन्ही हातांना काम असते, त्यामुळे अनेक डावखुरे तिच्यावर उत्तम वाजवतात, आणि पुढे वाद्य मिळणेही सोपे जाते. डावखुरी गिटार घेतली, तरी या पानावरील सर्व उत्तरे हात बदलून लागू पडतात. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरण्याचा मार्ग एलिझाबेथ कॉटन यांनी घेतला होता. मंद्र स्वर बोटांनी आणि चाल अंगठ्याने, अशी त्यांची स्वतंत्र शैली त्यातून जन्मली. मात्र त्या मार्गाने जाणाऱ्याला छापील आकृत्या आणि धडे स्वतःच उलटवून घ्यावे लागतात.

१७. स्वतः शिकायचे ठरवले असताना शिक्षकाकडे जाणे योग्य आहे का? केव्हा जावे?

योग्य आहे, आपल्याआपण शिकणे म्हणजे कोणाचीही मदत न घेणे नव्हे. तीन वेळा जावे असे मी सुचवीन. पहिल्यांदा अगदी आरंभी, बैठक आणि हातांची ठेवण पाहून घेण्यासाठी, कारण तेथील चूक पुढे वेदनेत बदलते. दुसऱ्यांदा सहा-आठ महिन्यांनी, तोवरची ध्वनिमुद्रणे घेऊन. तिसऱ्यांदा, एकाच अडचणीवर महिनाभर प्रामाणिक काम करूनही ती हलत नसेल तेव्हा. जाताना "मला शिकवा" असे म्हणण्याऐवजी नेमका प्रश्न घेऊन जावा: या ओळीत माझी लय का तुटते, हे पाहून सांगा. चांगला शिक्षक अशा प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात देतो.

१८. तरुणपणी वाजवत होतो, पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा सुरू केले आहे. माझ्यासाठी काही वेगळे आहे का?

तीन गोष्टी वेगळ्या आहेत. आकृत्या आणि चाली अपेक्षेपेक्षा लवकर परत येतात, पण कातडी, स्नायू आणि स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणून परतणाऱ्यांना नवशिक्यांपेक्षा दुखापतीचा धोका जास्त असतो आणि पहिले दोन महिने वेळेची मर्यादा कठोरपणे पाळावी लागते. दुसरे, जुन्या आकृत्यांबरोबर जुन्या खोडीही परत येतात. आवळलेला अंगठा आणि कॉर्ड बदलताना घाईला येणारी लय या सर्वांत जास्त आढळतात. त्या शोधण्यासाठी प्रश्न ६ मधील पद्धत पहिल्याच आठवड्यात सुरू करावी, कारण खोड पुन्हा मुरण्यापूर्वी काढणे सोपे असते. तिसरे, माळ्यावरून काढलेली गिटार आहे तशी वाजवायला घेऊ नये. तारा बदलाव्यात, मान वाकली आहे का आणि ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेला आहे का ते कारागिराला दाखवावे आणि तारांची उंची प्रश्न ४ प्रमाणे मोजून घ्यावी.